‘दोनच दिवसांचा कोळसा शिल्लक’ ही बातमी कशी वाचावी

मार्च लागला की एक बातमी ठरलेली असते : अमुक वीज केंद्रात दोनच दिवसांचा कोळसा शिल्लक, राज्यावर भारनियमनाचं सावट. ती छापून आली की चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलहून माझ्या दिरांचा फोन येतो. त्यांची राईस मिल आहे. ‘वहिनी, जनरेटरसाठी डिझेल भरून ठेवू का?’ प्रश्न साधा, पण त्यात पैसा गुंतलेला. डिझेल भरलं आणि वीज गेलीच नाही, तर भांडवल अडकलं. नाही भरलं आणि वीज गेली, तर माल तसाच पडून आणि मजूर बसून.

माझी सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्राच्या कोळसा प्रयोगशाळेत गेली. आलेला कोळसा किती उष्णता देणार, त्यात राख किती, ओलावा किती, हे तपासण्याचं काम. त्यामुळे भाऊजींना मी ‘भरा’ किंवा ‘नका भरू’ असं एका शब्दात सांगत नाही. आकडे कुठे मिळतात आणि कसे वाचायचे, ते सांगते. हे आकडे सरकार रोज जाहीर करतं आणि ते कुणालाही फुकट पाहता येतात. वाचायला इंजिनिअर असावं लागत नाही. बेरीज, वजाबाकी, भागाकार आला की झालं. शीतगृहवाले, पिठाची गिरणी चालवणाऱ्या ताई, जिल्हा पानाचे बातमीदार, सगळ्यांना जमेल.

आधी एक हिशेब पाठ करा

आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज तयार करायला साधारण ६०० ते ७५० ग्रॅम कोळसा लागतो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं बरंच त्यातून निघतं.

५०० मेगावॅटचा एक संच दिवसभर ८५ टक्के भारावर चालला, तर ५०० गुणिले २४ गुणिले ०.८५, म्हणजे १०,२०० मेगावॅट-तास. आपल्या बिलाच्या भाषेत १ कोटी २ लाख युनिट. युनिटला ७०० ग्रॅम धरले तर दिवसाला ७,१४० टन कोळसा. कोळशाच्या एका रेकला, म्हणजे एका पूर्ण मालगाडीला, ५८-५९ वाघिणी असतात आणि एक रेक साधारण ३,८०० ते ४,००० टन आणते. म्हणजे एका संचाला रोज जवळजवळ दोन रेक. आमच्या चंद्रपूर केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. सगळे संच जोरात चालले तर रोज दहा-अकरा रेकभर कोळसा जळतो. ‘आज एक रेक कमी आली’ हे वाक्य बाहेरच्याला किरकोळ वाटेल; ५०० मेगावॅटच्या संचासाठी ती अर्ध्या दिवसाची वीज असते.

देशाचा पसाराही याच मापानं मोजा. देशभरातली औष्णिक केंद्रं मिळून दिवसाला २० लाख टनांहून जास्त कोळसा जाळतात, आणि त्यासाठी रेल्वेला रोज चारशेहून जास्त रेक भराव्या लागतात. २०२४-२५ या आर्थिक वर्षात भारताचं कोळसा उत्पादन पहिल्यांदाच १०० कोटी टनांच्या वर गेलं, सुमारे १०४ कोटी ७० लाख टन झालं. त्यातला तीन चतुर्थांश कोळसा एकट्या कोल इंडिया या सरकारी कंपनीचा. मोठा आकडा आहे, आणि तो काढणाऱ्या खाण कामगारांबद्दल मला आदर आहे. पण छत्तीसगडमधल्या गेवराच्या खाणीत पडलेला कोळसा आपल्या नाशिक केंद्राच्या, एकलहऱ्याच्या, बॉयलरमध्ये जळत नाही. त्यामुळे ‘देशात विक्रमी उत्पादन’ आणि ‘आमच्या केंद्रात दोन दिवसांचा साठा’ या दोन्ही बातम्या एकाच दिवशी खऱ्या असू शकतात. देशाचा आकडा वाचून निर्धास्त होऊ नका आणि एका केंद्राचा आकडा वाचून घाबरूही नका.

रोजचा साठा अहवाल उघडा

केंद्रीय विद्युत प्राधिकरण, ज्याला सगळे सीईए म्हणतात, रोजचा कोळसा साठा अहवाल काढतं. तो नॅशनल पॉवर पोर्टलवर मिळतो. देशातल्या प्रत्येक मोठ्या कोळसा केंद्राची त्यात एक ओळ असते. महाराष्ट्रात महानिर्मितीची चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी आणि नाशिक ही सात केंद्रं शोधा. मग तिरोडा, डहाणूसारखी खासगी आणि केंद्र सरकारच्या एनटीपीसीची मौदा, सोलापूर पाहा. आपली वीज फक्त महानिर्मितीकडून येत नाही, त्यामुळे सातच पाहून थांबू नका.

पहिल्यांदा उघडणाऱ्यासाठी एक सूचना : यातले टनाचे आकडे हजारात असतात. ‘९८’ असेल तर ९८ हजार टन समजा. पाच रकान्यांकडे लक्ष द्या : रोजची गरज, निकषानुसार हवा असलेला साठा, त्या दिवशी आलेला कोळसा, त्या दिवशी जळलेला कोळसा आणि हातातला साठा. शेवटी साठा निकषाच्या किती टक्के आहे तेही दिलेलं असतं.

निकष डिसेंबर २०२१ मध्ये बदलले. खाणीला लागून असलेल्या केंद्रांनी महिन्यानुसार १२ ते १७ दिवसांचा आणि लांबच्या केंद्रांनी २० ते २६ दिवसांचा साठा ठेवायचा. फेब्रुवारी ते जून वरची मर्यादा, म्हणजे १७ आणि २६ दिवस. साठा निकषाच्या २५ टक्क्यांखाली गेला की केंद्र ‘क्रिटिकल’ ठरतं. बातमी बहुतेक वेळा इथूनच उचललेली असते.

आता एक केंद्र समजा. रोजची गरज १४ हजार टन. निकष २६ दिवसांचा, म्हणजे ३६४ हजार टन. हातात आहे ९८ हजार. ९८ भागिले १४, म्हणजे सात दिवस. निकषाच्या २७ टक्के, म्हणजे अजून क्रिटिकल नाही. बातमीदार लिहितो : ‘सातच दिवसांचा कोळसा’. वाचणारा समजतो, आठव्या दिवशी अंधार. तसं होत नाही. सात दिवस म्हणजे उद्यापासून एकही रेक आली नाही तर पुरणारे दिवस, आणि सगळ्या रेक एकदम थांबत नाहीत. म्हणून येणं आणि जळणं शेजारी शेजारी ठेवा. रोज १५ हजार येत असेल आणि १३ हजार जळत असेल, तर ढीग वाढतोय. बातमी काहीही म्हणो. रोज १० हजार येतोय आणि १४ हजार जळतोय, तर दिवसाला ४ हजारांची तूट. दोन दिवसांत ते केंद्र क्रिटिकल होईल, आणि असंच चालू राहिलं तर ढीग संपायला तीन आठवड्यांहून थोडे जास्त दिवस लागतील. हाच आकडा तुमच्या कामाचा.

एका दिवसाच्या अहवालावर विसंबू नका. एखाद्या दिवशी पाच रेक एकदम येतात, दुसऱ्या दिवशी एकही नाही. निदान दहा दिवसांचे ‘आला’ आणि ‘जळला’ हे दोन आकडे वहीत उतरवून बेरीज करा. आणि एक बारकावा : रोजची गरज ८५ टक्के भार धरून काढलेली असते. केंद्र प्रत्यक्षात ६० टक्क्यांवर चालत असेल, तर ‘सात दिवस’ खरे दहा दिवस पुरतात. उलट, साठा कमी म्हणूनच भार कमी ठेवला असेल, तर ते दहा दिवस फसवे असतात. त्यामुळे केंद्र किती भारावर चालतंय आणि का, हेही बघावं लागतं.

कोळसा का आला नाही, ते शोधा

साठा कमी होण्याची कारणं मोजकीच आहेत, पण प्रत्येकाचा परिणाम वेगळा. खाणीत पाणी भरलं तर पाऊस ओसरल्यावर पंधरा-वीस दिवसांत गाडी रुळावर येते. रेक मिळत नसतील तर त्यातून निघायला जास्त दिवस लागतात. पैसे थकलेले असतील तर तो प्रश्न मंत्रालयात आणि कोलकात्याला, कोल इंडियाच्या मुख्यालयात, सुटतो. आणि केंद्राला आलेला कोळसाच वेळेवर उतरवता येत नसेल, तर रेक फाटकाबाहेर उभ्या असतात आणि दोष मात्र खाणीवर जातो.

याची दोन ठळक उदाहरणं. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशातल्या केंद्रांतला सरासरी साठा चार दिवसांवर आला होता, जेमतेम ७२ लाख टन. कोविडनंतर उद्योग उसळले, सप्टेंबरच्या पावसानं खाणी भरल्या, परदेशी कोळसा इतका महागला की त्यावर चालणाऱ्या किनाऱ्यावरच्या केंद्रांनी निर्मिती कमी केली, आणि तो सगळा भार देशी कोळशावर आला. पावसाळ्याआधी साठा भरून ठेवायला हवा होता, तो पुष्कळ केंद्रांनी भरला नव्हता. राज्यांच्या निर्मिती कंपन्यांची कोल इंडियाकडची थकबाकी हेही त्यामागचं एक कारण होतं.

पुढच्याच उन्हाळ्यात वेगळं घडलं. २०२२ चा मार्च हवामान खात्याच्या १२२ वर्षांच्या नोंदीतला देशातला सर्वांत उष्ण मार्च. एप्रिलच्या २९ तारखेला देशाची मागणी २ लाख ७ हजार मेगावॅटवर गेली. त्या वेळी खाणींच्या तोंडाशी पाच कोटी टनांहून जास्त कोळसा पडून होता. अडलं होतं ते वाहतुकीवर. कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी रेल्वेनं प्रवासी गाड्या रद्द केल्या. वाहतुकीचा पेच असला की लांबच्या केंद्रांना आधी झळ बसते. आपल्याकडे याचा अर्थ असा : कोल इंडियाच्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या उपकंपनीच्या खाणी चंद्रपूर, वणी, माजरी, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यात आहेत, म्हणून चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा तुलनेनं सुरक्षित. भुसावळ, परळी, नाशिकपर्यंत कोळसा जायचा तर नागपूर-वर्धा-भुसावळ हा आधीच गजबजलेला मार्ग किंवा दक्षिणेकडचा फेरा. म्हणून मी परळी आणि नाशिकच्या ओळी आधी बघते. तिथे दहा दिवस तूट दिसली आणि चंद्रपूरला नाही, तर गाडं रेल्वेत अडकलंय असं समजायला हरकत नाही.

परळीच्या बाबतीत आणखी एक ध्यानात ठेवा. २०१५ मध्ये ते केंद्र बंद पडलं ते पाण्याअभावी. औष्णिक केंद्राला पाणी भरपूर लागतं. धरण आटलेलं असेल तर कोळशाच्या ढिगाचा उपयोग नाही. दुष्काळी वर्षी साठ्याबरोबर धरणाची पातळीही बघा; चंद्रपूरसाठी इरई धरण.

टनामागची उष्णता

आता माझा विषय. साठा टनांत लिहितात, पण बॉयलरला हवी असते उष्णता. कोळशाची प्रत जी-१ पासून जी-१७ पर्यंत मोजतात, एका किलोतून किती किलोकॅलरी मिळतात त्यावर. जी-११ म्हणजे ४,००० ते ४,३०० आणि जी-१३ म्हणजे ३,४०० ते ३,७००. जुन्या संचाला एका युनिटसाठी साधारण २,५०० किलोकॅलरी लागतात असं धरा. ४,००० चा कोळसा असेल तर ६२५ ग्रॅम पुरतात. तोच ३,३०० चा आला तर ७५८ ग्रॅम. ५०० मेगावॅटच्या संचाला दिवसाला सुमारे १,३५० टन जास्त. म्हणजे कागदावर वीस दिवसांचा असलेला ढीग प्रत्यक्षात साडेसोळा दिवसच चालणार, आणि रेल्वेला तेवढीच वीज द्यायला जास्त फेऱ्या माराव्या लागणार.

हा आकडा ठरतो कसा, ते मी हातानं केलेलं आहे म्हणून सांगते. रेकच्या वाघिणींतून नमुना गोळा होतो. तो फोडून ढीग करायचा, वरून चपटा करून चार सारखे भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे, दोन टाकायचे. पुन्हा मिसळायचं, पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. असं करत करत क्विंटलभर नमुना काही किलोंवर येतो. मग तो दळायचा, २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून पडेल इतका बारीक, मैद्यासारखा मऊ. त्यातला एक ग्रॅम बशीत घेऊन ८१५ अंशांच्या भट्टीत ठेवायचा. उरते ती राख. दुसरा साधारण ग्रॅमभर बॉम्ब कॅलरीमीटरच्या पोलादी भांड्यात, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये पेटवायचा आणि भोवतालचं पाणी किती अंशांनी तापलं ते बघायचं. त्या एका ग्रॅमवर चार हजार टनांची किंमत ठरते. म्हणून नमुना घेणाऱ्या हमालाला मी नेहमी सांगायचे की वरवरचा उचलू नको, दगड दिसला म्हणून बाजूला सारू नको, जसं आहे तसं घे. कोळशात येणारा काळा दगड, शेल, दिसायला कोळशासारखाच असतो. हातात घेतला की जड लागतो, चकाकत नाही आणि बोटांना कमी काळं लागतं. रेकमध्ये तो जास्त आला की क्रशरचे दात झिजतात, कोळसा दळणारी मिल थरथरते, बॉयलरची ज्योत डगमगते आणि ती टिकवायला महागडं तेल फवारावं लागतं. खाणीवर एक प्रत आणि केंद्रावर दुसरीच, हा वाद देशभर इतका वाढला की तिसऱ्या पक्षाकडून, धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेसारख्या संस्थेकडून, नमुने तपासून घेण्याची पद्धत सुरू झाली. ती आवश्यकच होती.

प्रयोगशाळेचे हे आकडे तुमच्यापर्यंत येणार नाहीत. पण घरबसल्या अंदाज घेण्याची एक युक्ती आहे. त्याच पोर्टलवर केंद्रवार वीजनिर्मितीचा रोजचा अहवाल असतो, दशलक्ष युनिटांत. साठा अहवालातला ‘जळलेला कोळसा’ त्या युनिटांनी भागा. समजा १३,५०० टन जळले आणि १ कोटी ८० लाख युनिट निघाले : युनिटला ७५० ग्रॅम. पंधरा-वीस दिवसांची सरासरी काढा. ती ६८० वरून ७७० वर सरकली असेल, तर कोळसा खराब येतोय किंवा संच कमी भारावर ओढत चाललाय. दोन्हींचा अर्थ एकच : साठ्याच्या दिवसांतून एक-दोन दिवस मनातल्या मनात कमी करा. ही पडताळणी मी कुणाला करताना पाहिलेली नाही, आणि बातमीदारांनी तर ती जरूर करावी.

राखेबद्दलही सांगते, कारण इथे चंद्रपुरात आम्ही तिच्या शेजारी राहतो. आपल्या कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते. म्हणजे तुमच्या घरातल्या प्रत्येक युनिटमागे आमच्याकडे पाव किलो राख उरते. तिचा काही भाग सिमेंटमध्ये, विटांमध्ये जातो, काही बंधाऱ्यात साचतो, आणि वारा सुटला की अंगणातल्या तुळशीवर बसतो. मागणी वाढतेय, ती भागवायलाच हवी, त्यासाठीच मी राबले. पण प्रत सुधारणं म्हणजे इथल्या लेकरांच्या श्वासाचा प्रश्न आहे, आणि तो कुठल्याही अहवालाच्या रकान्यात येत नाही याचं मला वाईट वाटतं.

यार्डातला ढीग सगळा वापरता येत नाही

साठा मोजतात तो ढिगाचं घनफळ मापून आणि घनतेनं गुणून. पण कणगीच्या तळाचं धान्य जसं मातीत मिसळलेलं असतं, तसा यार्डाचा तळही. शेवटचा थर डोझरनं खरवडून घेतला तर कोळशाबरोबर मुरूम येतो. त्यामुळे साठा तीन-चार दिवसांवर आला की त्यातला खरोखर जाळता येण्याजोगा आणखी कमी असतो, असं धरून चाला.

ढीग जास्त दिवस पडून राहिला तर दुसरी अडचण. विदर्भाचा कोळसा आपोआप तापतो. हवा आत शिरली की पोटात धुमसायला लागतो. पहाटेच्या गारव्यात ढिगाच्या उतारावरून पांढरी वाफ निघते आणि रॉकेलसारखा वास येतो. पाळीवरच्या माणसाला तो वास आला की लगेच डोझर आणि पाण्याचा पाइप. म्हणून ढीग दाबून घट्ट करावा लागतो, जुना कोळसा आधी वापरावा लागतो. ‘उन्हाळ्याआधी दोन महिन्यांचा साठा का करत नाहीत?’ असं लोक विचारतात, त्याचं निम्मं उत्तर इथे आहे. उरलेलं निम्मं पैशात आहे : पडून राहिलेल्या प्रत्येक टनावर व्याज चढतं.

पावसाळ्यात तर कोळसा चिखल होतो. वॅगन टिपलरमध्ये वाघीण उलटी केली तरी तळाचा कोळसा सुटत नाही, कोळसा खाली सोडणारे चूट जाम होतात, कामगार सळई घेऊन ठोकत बसतात. एक रेक उतरवायला लागणारा वेळ वाढला की मागच्या अडकतात. जुलै-ऑगस्टमध्ये ‘आलेला कोळसा’ कमी दिसला तर त्यात हाही वाटा असतो.

मागणी कोणत्या वेळेची आहे ते बघा

३० मे २०२४ ला देशाच्या मागणीनं तोवरचा विक्रम केला, सुमारे अडीच लाख मेगावॅट. त्याच्या पाच वर्षं आधी कुणी हा आकडा सांगितला असता तर आमच्या कंट्रोल रूममध्ये कुणी विश्वास ठेवला नसता. पण तो शिखराचा क्षण दुपारचा होता, आणि दुपारी आता सौरऊर्जा हात देते. २०२५ च्या सुरुवातीला देशाची सौर क्षमता १ लाख मेगावॅटच्या वर गेली. महाराष्ट्रात शेतीपंपांचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या, सौरवर नेऊन दिवसा वीज देण्याचं काम चालू आहे, तो भार रात्रीवरून दुपारी सरकतोय. खरी परीक्षा सूर्य मावळल्यावर. सात ते अकरा या वेळेत सौर शून्य, एसी चालू, दिवे चालू, आणि सगळा भार कोळशावर, पाण्यावर आणि थोडा वाऱ्यावर.

ग्रिड इंडिया, म्हणजे देशाचं भार नियंत्रण करणारी सरकारी कंपनी, रोज आदल्या दिवसाचा अहवाल काढते. त्यात रात्री आठच्या सुमाराची भागलेली मागणी आणि तेव्हाची तूट दिलेली असते, प्रदेशवार; राज्याची कमाल मागणी आणि तूट वेगळी. महाराष्ट्राच्या ओळीत तूट शून्य असेल, तर कोळशाच्या बातमीनं आज तरी काही बिघडलेलं नाही. ती सलग काही दिवस शंभर-दोनशे मेगावॅटच्या वर दिसायला लागली, की सावध व्हा.

दुसरी खूण वीज बाजाराची. इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर दुसऱ्या दिवसाच्या विजेचे सौदे पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांत होतात. युनिटला १० रुपये ही कमाल मर्यादा आहे. संध्याकाळचे बरेच तुकडे रोज या मर्यादेला टेकलेले दिसले, तर विकत घ्यायलाही वीज नाही असा त्याचा अर्थ. कोळशाचा साठा घसरतोय आणि संध्याकाळचा दर १० रुपयांवर, असं दोन्ही एकदम झालं की धोका खरा. दुपारी तोच दर दोन-तीन रुपयांवर असतो, त्याचा दिलासा मानू नका.

ग्रिडची वारंवारिता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, बघायची हौस असेल तर तीही जाहीर असते. ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा ठरलेला पट्टा. संध्याकाळी ती वारंवार ४९.९० खाली जात असेल तर ओढाताण चालली आहे.

आता डिझेलचा प्रश्न. माझा स्वतःचा ठोकताळा असा, आणि तो ठोकताळाच आहे : महाराष्ट्रातली निम्मी केंद्रं क्रिटिकल, दहा दिवसांची बेरीज तुटीची, आणि संध्याकाळची तूट सलग आठवडाभर शून्याच्या वर. तिन्ही जुळलं तर भाऊजींना भरायला सांगते. पहिली दोनच असतील तर आणखी आठवडा थांबायला सांगते आणि मिल शक्यतो दुपारच्या पाळीत चालवायला. २०२५ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर देशभरच्या केंद्रांत पाच कोटी टनांच्या वर साठा होता, २०२१ च्या त्या ऑक्टोबरच्या कितीतरी पट. तेव्हाही एका केंद्राची भीतिदायक बातमी आलीच होती. मी थांबायला सांगितलं.

वीज गेलीच, तर का गेली

पुष्कळदा वीज जाते ती कोळशामुळे नाही. रोहित्र जळतं, झाडाची फांदी पडते, मान्सूनपूर्व वादळात खांब वाकतो. शेजारच्या गावात वीज असेल आणि तुमच्याकडे नसेल, तर सीईएचा अहवाल उघडू नका, उपकेंद्राला फोन करा. ठरावीक वेळेला जाऊन ठरावीक वेळेला आली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं, तर ते भारनियमन.

आणि भारनियमन सगळ्यांना सारखं नसतं. महावितरणनं फीडरचे ए, बी, सी, डी, ई, एफ आणि जी-१, जी-२, जी-३ असे गट केलेले आहेत, वीजगळती आणि बिलवसुलीच्या प्रमाणावर. तूट आली की जास्त गळतीच्या, म्हणजे जी गटांवर आधी आणि जास्त तास कुऱ्हाड येते. ए गटाला शेवटी. त्यामुळे नियमित बिल भरणाऱ्या माणसालाही शेजारच्या वीजचोरीच्या आकड्यांमुळे अंधारात बसावं लागतं. हा अन्याय मला खुपतो, पण नियम तसा आहे आणि तो माहीत असावा. तुमची मिल, दुकान किंवा घर कोणत्या फीडरवर आहे आणि तो फीडर कोणत्या गटात आहे, हे लाइनमनला किंवा उपकेंद्रात विचारून लिहून ठेवा. गटांचा आढावा पुन्हा होतो, म्हणून दर वर्षी फेब्रुवारीत एकदा नव्यानं विचारा. त्याच वेळी परळी आणि नाशिकच्या ओळींची वहीही सुरू करा. पावसाळ्यात खाणींचं उत्पादन घटतं, तेव्हा ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत दुसरी फेरी.